शिध्याचें माप आणि देहाचें माप

(१)

आमचें वास्तव्य छत्रपति संभाजीनगर (पूर्वीचें औरंगाबाद) शहराहून पैठणास जाणाऱ्या रस्त्यावरील चितेगांव या गांवीं आहे. आमच्या घरीं धान्य मोजण्याचीं जुनीं लोखंडी मापें आहेत : एक पायली, एक शेर, एक मापटें, एक चिपटें व एक कोळवें. सालदारास व बलुतेदारांस धान्य घालावयाचें तें आमची आजी या मापांनीं घाली. रोजच्या दळणाची ज्वारीही ती मापट्यानेंच काढी. परंतु जेवावयास बसलेल्या माणसाच्या पानांतील भाकरी कोणीं मोजलेली मात्र तिला खपत नसे. "दाणे मोजावेत, घास मोजूं नयेत," असें ती म्हणे. या साध्या बोलण्यांत केवढा जुना वाद सांठलेला आहे, हें आम्हांस साठी उलटल्यावर कळलें.

कळण्यास जें निमित्त झालें तें सांगितलें पाहिजे. आम्ही जन्मभर कृश. शाळेंत शिकवीत असतांना विद्यार्थी पाठीमागें आम्हांस 'काडी मास्तर' म्हणत, हें आम्हांस ठाऊक होतें. दोन वर्षांपूर्वीं गांवांत रक्ततपासणी झाली, तींत आमच्या रक्तांत साखर प्रमाणाबाहेर निघाली. वजन व उंची यांच्या तक्त्यांत आम्ही अगदीं निर्दोष ठरलों होतों. आम्हीं तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांस म्हटलें, "हा स्थूलांचा रोग, आमच्या अंगावर मांस तरी कोठें आहे?" ते म्हणाले, "गुरुजी, मांस नाहीं हीच अडचण आहे. मेद आहे."

घरीं येऊन आम्हीं चरक उघडला. प्रमेहाचे रोगी दोन प्रकारचे असतात, एक स्थूल व बलवान, दुसरा कृश व दुर्बळ, आणि दुसऱ्यास लंघन न देतां त्याचें पोषण करावें, असें चिकित्सास्थानांत स्पष्ट सांगितलेलें आढळलें. जें वाक्य तरुणपणीं पाठ केलें होतें त्याचा अर्थ म्हातारपणीं स्वतःच्या अंगावर उमटला. तेव्हांपासून या विषयाचीं जीं साधनें हातीं आलीं तीं आम्ही वाचीत आहों.

माणसास अन्न किती पुरें, या प्रश्नास दोन रीतींनीं उत्तर देण्यांत आलेलें आहे. एक रीति धान्य मोजते. दुसरी खाणाराचा देह पाहते. या दोन रीतींचा इतिहास आपल्या प्रांतांतील साधनांवरून कसा दिसतो, आणि पहिली रीति एकटीच चालविली असतां काय घडलें, हें प्रस्तुत लेखांत दाखविण्याचा विचार आहे.

(२)

चितेगांवाहून देवगिरि बैलगाडीनें एका दिवसाच्या वाटेवर आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या पदरीं असलेला श्रीकरणाधिप हेमाद्रि महाराष्ट्रास परिचित आहे तो हेमाडपंती देवळांमुळें, चतुर्वर्गचिंतामणीमुळें, आणि मोडी लिपि व बाजरी यांविषयींच्या दंतकथांमुळें. त्यानें वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन नांवाची टीका लिहिली, ही गोष्ट वैद्यमंडळीबाहेर फारशी कोणाच्या ध्यानांत नसते. तिचा सूत्रस्थानावरील भाग पूर्ण मिळतो. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें इ. स. १९३९ मध्यें ती अरुणदत्ताच्या सर्वांगसुंदरा टीकेसह छापली. संपादक हरिशास्त्री पराडकर होते. हेमाद्रीच्याच आश्रयास असलेला मुग्धबोधकार बोपदेव हा केशव नांवाच्या वैद्याचा पुत्र. कोणता पदार्थ कोणता दोष वाढवितो वा शमवितो यावरून पदार्थांचे वर्ग पाडणारा सिद्धमंत्र नांवाचा ग्रंथ केशवानें रचिला व त्यावर बोपदेवानें प्रकाश नांवाची टीका केली. एकाच काळीं व एकाच आश्रयाखालीं असे दोन ग्रंथ सिद्ध व्हावेत, यावरून यादवांच्या दरबारीं आहारविचार केवळ पाकशाळेपुरता नव्हता असें म्हणण्यास हरकत नाहीं.

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानाचा आठवा अध्याय मात्राशितीय या नांवाचा आहे. माणसानें मात्रेनें जेवावें एवढें सांगून वाग्भट थांबत नाहीं. मात्रा कशावरून ठरवावी, हा त्याचा खरा प्रश्न आहे. गुरु पदार्थ अर्ध्या तृप्तीपर्यंत खावेत. लघु पदार्थही अति तृप्ति होईपर्यंत खाऊं नयेत. कुक्षीचे चार भाग कल्पून दोन अन्नास व एक पेयास द्यावा, आणि चौथा वायूसाठीं मोकळा ठेवावा. जेवढें सुखानें पचेल तेवढी ज्याची त्याची मात्रा समजावी, असा त्याचा निर्णय आहे. अन्नाचा आंकडा त्यानें दिला नाहीं. औषधांच्या योगांत कर्ष, पल, प्रस्थ, आढक हीं मापें तोच ग्रंथकार काटेकोर देतो. तेव्हां अन्नाचा आंकडा त्यास देतां येत नव्हता असें मानण्यास जागा नाहीं. तो त्यानें बुद्ध्या टाळला, कारण अग्नि माणसामाणसाचा वेगळा.

याच अध्यायांत आणखी एक वाक्य आहे. कमी मात्रेचें अन्न बल, उपचय व ओज देत नाहीं आणि सर्व वातरोगांस कारण होतें, असें तेथें म्हटलें आहे. अति खाण्याची निंदा सर्वच धर्मशास्त्रें करितात. उणें खाणें हें रोगाचें कारण म्हणून लिहून ठेवणारें हें वाक्य दुष्काळी प्रांतांतील वाचकानें विशेषेंकरून ध्यानांत ठेवावें. त्याचा उपयोग पुढें लागणार आहे.

(३)

अन्नाचें माप देहावर सोंपविल्यावर देहाचें माप काय, हा प्रश्न ओघानेंच येतो. चरकाच्या विमानस्थानांत शरीराची उंची चौऱ्यायशीं अंगुळें सांगितली आहे, परंतु तीं अंगुळें ज्याचीं त्याचीं घ्यावयाचीं. शारीरस्थानांत देहांतील द्रव द्रव्यांचें प्रमाण ज्याच्या त्याच्या ओंजळीनें दिलें आहे : उदक दहा ओंजळी, रस नऊ, रक्त आठ, आणि उतरत जातां वसा तीन, मेद दोन, मज्जा एक. हें परम प्रमाण होय, तें कमीजास्त होणारें आहे आणि तें तर्कानेंच जाणावयाचें आहे, अशी पुस्ती चरकानें प्रामाणिकपणें जोडलेली आहे. वाग्भटानेंही हींच प्रमाणें थोडक्यांत घेतलीं आहेत. अतिस्थूल मनुष्याच्या शरीरांत मेद तेवढा वाढत जातो व इतर धातु त्या मानानें वाढत नाहींत, हें चरकाच्या सूत्रस्थानांतील वचनही येथेंच जोडून वाचावें.

हीं वचनें पुढें करून आधुनिक शरीरशास्त्र सर्व आपल्या ग्रंथांत पूर्वींच आहे असें म्हणणारे लेखक हल्लीं पुष्कळ झाले आहेत. त्यांच्याशीं आमचा मतभेद आहे. ओंजळीचें प्रमाण हें मोजून काढलेलें नाहीं, हें ग्रंथकारानेंच कबूल केलें आहे. त्याच्या कबुलीपेक्षां अधिक त्याच्या पदरीं बांधणें हा त्याचा सन्मान नव्हे. या ग्रंथांचें खरें महत्त्व त्यांनीं विचारलेल्या प्रश्नांत आहे. माणूस मोजावयाचा तर कोणाच्या हातानें, कोणाच्या अंगुळानें, हा प्रश्न त्यांनीं विचारला. पुढें सहाशें वर्षांनीं याच दख्खनांत तो विचारला गेला नाहीं, आणि त्याची किंमत लोकांनीं जिवानें दिली.

(४)

मधल्या काळांतील एका ग्रंथाचा निर्देश संग्राहकांसाठीं अवश्य केला पाहिजे. सतराव्या शतकाच्या अखेरीस रघुनाथ गणेश नवहस्त या महाराष्ट्रीय पंडितानें भोजनकुतूहल नांवाचा संस्कृत ग्रंथ रचिला. तंजावरच्या व्यंकोजी राजांची राणी दीपाबाई हिचा त्यास आश्रय होता. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनीं या पंडिताच्या काळाविषयीं व ग्रंथांविषयीं विस्तारानें लिहिलें आहे, आणि धान्यें, कडधान्यें व पक्वान्नें यांच्या इतिहासावर जे अनेक टिपणवजा लेख लिहिले त्यांत या ग्रंथाचा वारंवार उपयोग केला आहे. ग्रंथाचा पहिला परिच्छेद इ. स. १९५६ मध्यें त्रिवेंद्रमहून छापून निघाला.

या ग्रंथाची मातब्बरी अशी कीं, चरक, सुश्रुत, वाग्भट व निघंटु यांतील वचनें देतांना रघुनाथपंत पदार्थांचीं देशी नांवेंही देतात. त्यामुळें संस्कृत निघंटूंतील कोणतें धान्य म्हणजे आपल्या शिवारांतील कोणतें, हें पुष्कळ ठिकाणीं ठरवितां येतें. त्यांत जिलबीचीही कृति आहे. तथापि पदार्थाचा गुण सांगणें वेगळें आणि तो पदार्थ कोणास किती मिळत होता हें सांगणें वेगळें. ग्रंथ पहिली गोष्ट सांगतो. दुसरी गोष्ट दप्तरांत शोधावी लागते.

(५)

मराठेशाहीच्या कागदांत शिधा, उलपा, अडशेरी, पोटगी, कोठी हे शब्द पदोपदीं भेटतात. ब्राह्मणास शिधा, पाहुण्यास उलपा, शिपायास वा कैद्यास अडशेरी, अशी सर्वसाधारण वांटणी दिसते. अडशेरी या शब्दाचा मूळ अर्थ अडीच शेरांचा दाणा. पुढें तो कोणत्याही नेमल्या शिध्यास लागूं झाला. हे आंकडे गोळा करून त्या काळीं मनुष्य किती खात असे याचें अनुमान काढण्याचा मोह होतो. आम्हांसही तो झाला होता. तो आवरण्याचीं कारणें आमच्या घरच्या मापांनींच दिलीं.

दोन कोळव्यांचें एक चिपटें, दोन चिपट्यांचें एक मापटें, दोन मापट्यांचा एक शेर व चार शेरांची एक पायली, एवढें कोष्टक सर्वत्र सारखें म्हणतां येईल. परंतु पायल्यांचा मण प्रांतोप्रांतीं भिन्न. मापी शेर वेगळा व वजनी शेर वेगळा. मापी शेर बाजरीनें भरला तर एक वजन, साळीनें भरला तर दुसरें. त्यांतून माप शिगेचें कीं घोटीव, हें कागदांत बहुधा लिहिलेलें नसतें. आम्हीं आमच्या मापट्यांत ज्वारी घोटून भरली व मग शीग लावून भरली, तों दोन मुठींचा फरक पडला. सालदारास घालतांना आजी शीग लावी; वाण्याकडून घेतांना तो घोटून देई. दोन्ही व्यवहार वहींत एकाच शब्दानें लिहिले जात. अडशेरींतील दाणा एकट्यानें खावयाचा, कीं त्यांतूनच मीठमिरची, सरपण व घरचीं माणसें भागवावयाचीं, हाही प्रश्न राहतोच. म्हणून शिध्याचा आंकडा हा पोटाचा आंकडा नव्हे, हें सूत्र संशोधकानें प्रथम स्वीकारलें पाहिजे. तें न स्वीकारल्यानें काय होतें, याचें उदाहरण इ. स. १८७७ सालचें आहे.

(६)

इ. स. १८७६ चा पावसाळा दख्खनांत बुडाला. आमच्या भागावर तेव्हां निजामाचें राज्य होतें. शेजारच्या नगर, सोलापूर, पुणें वगैरे इंग्रजी जिल्ह्यांत मुंबई सरकारनें दुष्काळी कामें काढलीं. इ. स. १८७७ च्या जानेवारींत हिंदुस्थान सरकारनें सर रिचर्ड टेंपल यांस दुष्काळी इलाख्यांच्या पाहणीस पाठविलें. खर्चास आळा घालणें हा त्या नेमणुकीचा उघड हेतु होता. कामावरील प्रौढ पुरुषास दिवसास एक पौंड धान्याची किंमत व वर थोडी रोकड भर, एवढी मजुरी पुरे, असा टेंपल यांचा निर्णय झाला. एक पौंड म्हणजे सुमारें ४५४ ग्रॅम; ऐशीं तोळ्यांच्या वजनी शेराच्या अर्ध्याहून किंचित् कमी.

या मजुरीवर काम करण्यास दख्खनांतील हजारों लोकांनीं नकार दिला आणि ते कामें सोडून गेले. इ. स. १८७० मध्यें स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या पुढाकारानें गांवोगांवच्या हकीकती जमवून सरकारास लिहिल्या. इकडे मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. डब्ल्यू. आर. कॉर्निश यांनीं टेंपल यांच्या मतास लेखी उत्तर दिलें. त्यांचें म्हणणें असें कीं, कष्ट करणाऱ्या माणसाच्या देहाची झीज एक पौंड धान्यानें भरून येत नाहीं, कैद्याससुद्धां याहून अधिक मिळतें, आणि छावण्यांतील माणसें डोळ्यांदेखत खंगत आहेत. टेंपल यांचें म्हणणें असें कीं, शास्त्रज्ञांचीं मतें एकमेकांशीं जुळत नाहींत व प्रत्यक्ष पाहणींत लोक तगून आहेत. इ. स. १८७७ मध्यें मद्रास सरकारनें मजुरी वाढविली. त्याच वर्षीं टेंपल मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले.

आजच्या कोष्टकांनीं हा हिशेब करून पाहतां येतो. ज्वारीच्या १०० ग्रॅमांत उष्णतेचीं सुमारें ३४० ते ३५० एककें असतात; त्यांस किलोकॅलरी म्हणतात. एक पौंड ज्वारींत म्हणून तीं १,६०० च्या आंत बाहेर भरतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनीं इ. स. २०२० मध्यें दिलेल्या प्रमाणांत ६५ किलो वजनाच्या पुरुषास बैठ्या कामासाठीं सुमारें २,११० व जड कष्टासाठीं सुमारें ३,४७० एककें धरलीं आहेत. १८७७ चा मजूर ६५ किलोंचा नव्हता हें जमेस धरलें, तरी खडी फोडणाऱ्या माणसास बसून असणाऱ्याहूनही कमी अन्न नेमलें होतें एवढें निर्विवाद दिसतें. वरच्या रोकडींत मीठ, सरपण व कामास न येणारीं घरचीं माणसें यांची सोय लावावयाची होती.

आंकडा लहान होता हा एक दोष. आमच्या मतें त्याहून मोठा दोष असा कीं, आंकडा आधीं ठरला व देह मागून पाहिला गेला. जेवढें सुखानें पचेल तेवढी मात्रा, हें वाग्भटाचें मत सरकारी खजिन्यास चालण्यासारखें नव्हतें, हें आम्हांस समजतें. लाखों लोकांची व्यवस्था लावणारास कांहीं तरी माप हातीं धरावेंच लागतें. परंतु माप चुकलें कीं बरोबर हें ज्यावरून कळावयाचें, तो देह समोर उभा होता. हीनमात्रेचें फळ त्याच अध्यायांत लिहिलेलें होतें, आणि तें छावणींत दिसतही होतें. त्या दुष्काळांत ब्रिटिश मुलुखांत ५० लाखांहून अधिक माणसें मेलीं. इ. स. १८८० मध्यें फॅमिन कमिशनचा अहवाल आला व त्यावरून पुढें दुष्काळाचे कायदे बनले.

(७)

टेंपल व कॉर्निश ज्या शास्त्राच्या आधारें भांडत होते तें शास्त्र तेव्हां नुकतेंच बाळसें धरीत होतें. जर्मनींत म्यूनिक येथें पेटेनकोफर व फोइट यांनीं इ. स. १८६० नंतरच्या दशकांत माणसास बंद खोलींत ठेवून त्याच्या श्वासांतील वायु मोजण्याचे प्रयोग केले. खाल्लेलें अन्न देहांत किती जळलें, हें अशा रीतीनें प्रथमच मोजतां येऊं लागलें. ज्यास आपले ग्रंथ जाठराग्नि म्हणत, त्यावर तराजू धरण्याचा हा आरंभ होय. मात्र दोन्ही कल्पना एकच आहेत असें आम्ही म्हणत नाहीं.

हिंदुस्थानांत हें काम इ. स. १९१८ पासून निलगिरींतील कुन्नूर येथें रॉबर्ट मॅकॅरिसन यांनीं चालविलें. त्यांनीं पांढऱ्या उंदरांचे गट करून एकास शीख, एकास पठाण, एकास मराठा, एकास बंगाली, एकास मद्रासी, अशा निरनिराळ्या प्रांतांच्या पद्धतीचा आहार दिला. शीख आहाराचे उंदीर सर्वांत पुष्ट, त्याखालोखाल पठाण, तिसरे मराठा आणि शेवटीं मद्रासी, असा क्रम लागला. मराठा आहाराचा तिसरा क्रमांक वाचून आपल्या वाचकांस समाधान वाटेल. परंतु तो आहार कोणत्या मराठ्याचा, पाटलाच्या वाड्यांतला कीं सालदाराच्या झोपडींतला, हें विचारल्यावांचून समाधान मानूं नये. येथेंही मोजलें गेलें तें प्रांताचें ताट. पुढें इ. स. १९३७ मध्यें ॲक्रॉइड यांनीं हिंदी अन्नांच्या पोषणमूल्यांचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं, आणि ही प्रयोगशाळा इ. स. १९५८ मध्यें हैदराबादेस आली.

हैदराबादेस आल्यावर तिच्या कामाचा आमच्या शिवाराशीं जवळचा संबंध आला. इ. स. १९६० मध्यें सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनीं पेलाग्रा या रोगाविषयीं दाखविलें कीं, उन्हांत उघड्या राहणाऱ्या अंगाची कातडी काळवंडून सोलणारा हा रोग दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांत आढळतो. ज्वारींत ल्यूसीन नांवाचें द्रव्य अधिक असल्यानें एका जीवनसत्त्वाचा देहास उपयोग होण्यांत अडथळा येत असावा, असें अनुमान त्यांनीं मांडलें. ज्वारीच्या भाकरीबरोबर डाळ, दूध व भाजी ज्यास मिळे तो वांचे. पोट भरलें तरी देह उपाशी राहतो, हें येथें प्रथम आमच्या ध्यानांत आलें.

इ. स. १९७२ च्या दुष्काळांत आम्ही शाळकरी वयाचे होतों. अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मायलोच्या भाकरी आम्हीं खाल्ल्या आहेत व दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी वाटींत घेऊन बांधावर बसलेलीं माणसें पाहिलीं आहेत. इ. स. १९७३ च्या मे महिन्यांत महाराष्ट्रांतील दुष्काळी कामांवर सुमारें ५० लाख माणसें होतीं. मजुरीखेरीज शिजविण्याची गरज नसलेलें पौष्टिक अन्न मजुराच्या हातांत द्यावें, ही व्यवस्था टेंपल यांच्या एका पौंडाशीं ताडून पाहावी. टेंपल यांच्या निर्णयास शंभर वर्षें झालीं त्याच १९७७ सालीं महाराष्ट्राचा रोजगार हमी अधिनियम मंजूर झाला, हा योगायोग असला तरी नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

(८)

आतां आमच्या डॉक्टरांनीं ज्या संशोधनाचा दाखला दिला त्याकडे वळूं. पुण्याच्या केईएम रुग्णालयांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं इ. स. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गांवांतील गर्भवती स्त्रिया व त्यांचीं मुलें यांचा अभ्यास चालविला. तेथील बाळांचें जन्मवजन सरासरीनें सुमारें २·७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बाळांचें सुमारें ३·५ किलो. परंतु केवळ वजनावर न थांबतां त्यांनीं बाळाचें डोकें, दंड, पोट व कातडीखालील मेदाची घडी हीं वेगवेगळीं मोजलीं. तेव्हां दिसलें कीं, आपलीं बाळें मांसानें पुष्कळ उणीं आहेत, पण पाठीवरच्या मेदानें तितकीं उणीं नाहींत. कृश तरी मेदयुक्त अशा या देहाचें वर्णन इ. स. २००३ मध्यें प्रसिद्ध झालें.

या अभ्यासांतील दुसरा निष्कर्ष आमच्या विषयास अधिक लागू आहे. गर्भवतीनें एकूण किती एककांचें अन्न खाल्लें याचा बाळाच्या आकाराशीं स्पष्ट संबंध आढळला नाहीं; पालेभाजी, फळें व दूध किती वेळां खाल्लें याचा आढळला. म्हणजे दाण्यांचें माप पुरें भरूनही देह उणा राहूं शकतो.

इ. स. २००४ मध्यें 'लॅन्सेट' या वैद्यक नियतकालिकांत डॉ. याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनीं आपल्या दोघांच्याच देहांचें उदाहरण छापलें. किलोंतील वजनास मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागिलें असतां जो अंक येतो तो दोघांचाही २२·३ होता. मेदाचें प्रमाण मात्र युडकिन यांच्या देहांत शेंकडा ९·१ व याज्ञिक यांच्या देहांत शेंकडा २१·२ निघालें. एकाच मापांत बसणारे दोन देह आंतून इतके भिन्न असूं शकतात. आमच्या तपासणीच्या कागदावर 'वजन योग्य' असा जो शेरा होता, त्याचा उलगडा आम्हांस या दोन आंकड्यांनीं झाला.

चरकानें हें सांगितलें होतें काय ? नाहीं. मेद तेवढा वाढतो हें त्यानें अतिस्थूलाविषयीं सांगितलें. कृश बाळाच्या कातडीखालीं मेद राखलेला असतो हें त्यास ठाऊक असण्याचा संभव नव्हता. त्यासाठीं सहा गांवांत वर्षानुवर्षें मोजमाप करावें लागलें. त्यानें सांगितलें तें एवढेंच कीं, कृशासही प्रमेह होतो, आणि माणूस ज्याच्या त्याच्या ओंजळीनें मोजावा. एवढें श्रेय त्यास पुरेसें आहे.

(९)

संग्राहक वाचकांस आमची एक विनंती आहे. पोथ्या, सनदा व ताम्रपट यांचा सांभाळ आपण करितां. घरोघरच्या कोठीच्या वह्या, लग्नाच्या व श्राद्धाच्या शिध्याच्या याद्या, सालदारांचीं करारपत्रें, दुष्काळी कामांचीं हजेरीपत्रकें, हीं मात्र रद्दींत जातात, कारण त्यांत राजांचीं नांवें नसतात. वरील विवेचनावरून दिसेल कीं, भोजनकुतूहलासारखा ग्रंथ जें सांगत नाहीं तें याच कागदांत आहे. असा कागद हातीं आल्यास त्याबरोबर त्या घरचें मापही पाहावें. माप मिळाल्यास त्यांत पाणी भरून तें तोलावें व कागदावर टीप करावी. शीग कीं घोटीव, हें जाणणारें म्हातारें माणूस घरांत असेल तर त्यास विचारण्यास विलंब करूं नये. आम्हीं विलंब केला. आजीस पुष्कळ विचारावयाचें राहून गेलें.

चितेगांवाच्या रस्त्याकडेला आतां कारखाने उभे आहेत. पाळी सुटली कीं कामकरी डबे घेऊन बाहेर पडतात. त्यांत आमच्यासारखे काडी देहाचे पुष्कळ असतात. त्यांच्या वजनाकडे पाहून ते निरोगी आहेत असें आम्ही आतां म्हणत नाहीं. रक्त तपासून घ्या, असें ओळखीच्या प्रत्येकास सांगतों. घरीं आमचें जेवण बेतानें चाललें आहे : एक भाकरी, वाटीभर डाळ, मुठीनें पालेभाजी. सून ताट वाढते, परंतु भाकरी किती खाल्ल्या हें तोंडानें मोजीत नाहीं. मोजण्याचें काम आमच्याकडेच ठेवलेलें आहे.